भिंतीतलं हिरवं पान

आपल्याकडे जेव्हा पावसाळा असतो, तेव्हा भूमध्य समुद्राच्या काठी कडक उन्हाळा असतो. तिथला पाऊस हिवाळ्यातला. त्यावर वाढलेला रानपाला जूनपर्यंत वाळून जातो. अशा दिवसांत जुन्या भिंतींच्या सांदीत आणि कड्याकपारीत एक काटेरी झुडूप हिरवंगार असतं. ते म्हणजे केपर. अरबीत त्याला 'कबर' म्हणतात. थडग्याची 'कब्र' निराळी, तिचा 'क'ही निराळा! जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीतही ही झुडपं उगवलेली दिसतात.

जगाला ठाऊक आहे ती केपरची कळी. फुलण्याआधी खुडायची, मिठात मुरवायची आणि बाटलीत भरायची. कळी जितकी लहान तितका भाव जास्त. पान मात्र बहुधा जिथलं तिथंच खाल्लं जातं. मला त्या पानाचंच अप्रूप वाटतं.

ताजं पान तोंडात टाकाल तर थुंकाल, इतकं ते कडू आणि झणझणीत. हे झुडूप मोहरीच्या दूरच्या नात्यातलं. मोहरी फेसली की जो झणका नाकात जातो, त्याच जातीचं द्रव्य पान चुरगळलं की तयार होतं. म्हणून कोवळी पानं आणि शेंडे पाणी बदलत काही दिवस भिजवतात, मग खारवतात. सायप्रसमध्ये तर अख्खे शेंडे काट्यांसकट खारात आणि व्हिनेगरमध्ये घालतात. मुरता मुरता काटेही मऊ पडतात. मग ते मासळीबरोबर, कडधान्याबरोबर किंवा नुसत्या पावाशी तोंडी लावायचे. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर पिवळ्या डाळीचं घट्ट वरण करतात, त्यावर कांदा, ऑलिव्हचं तेल आणि केपर. ही डाळ आपल्या लाखेच्या डाळीची चुलत बहीण. मुरलेली पानं तिथं टोमॅटोच्या कोशिंबिरीतही पडतात.

हे खाणं आजकालचं नव्हे. ज्यूंच्या तालमूद ग्रंथात या झुडपाचं पान, कोंब, फळ खाताना कोणती प्रार्थना म्हणावी याची चर्चा आहे. फळासाठी झाडाच्या फळाची प्रार्थना, पानासाठी जमिनीतून उगवलेल्या अन्नाची. एका कडू पानासाठी एवढा विचार! ज्यांच्या ताटात ते पान रोज पडत असेल, तेच असा विचार करणार.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे असं काही आहे का? आहे की. वाघाटी! केपरच्याच कुळातली ही वेल, वाघनखासारख्या आकड्यांची. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वाघाट्याची भाजी करतात ना, तीच. आपण तिचं फळ खातो, तेही कडवट. बाजारात ती दिसते जेमतेम आठ-पंधरा दिवस, आणि तेव्हा भाव विचारायची सोय नसते.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)