समुद्रफुलाची घाई नको

खाऱ्या पाण्याची टाकी मांडली की क्लाउनफिशच्या जोडीला सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल, लगेच आणावंसं वाटतं. पण टाकीतला मासा समुद्रफुलाविनाही मजेत जगतो, तेव्हा सहा महिने तरी थांबाच. नव्या टाकीत अमोनिया, नायट्रेट, क्षारता सतत वर-खाली होतात आणि या मऊ प्राण्याला ते सोसत नाही.

त्याचं बरंचसं अन्न त्याच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं प्रकाशातून बनवतात, म्हणून दिवा जोरकस हवा. दुकानातल्या पांढऱ्याफटक समुद्रफुलाला भुलू नका. त्याने शैवालं गमावलेली असतात. झगझगीत पिवळं तर बहुधा रंगवलेलंच असतं, आणि हा प्रकार मला क्रूर वाटतो. नवख्यांनी बबल-टिप जातीचं समुद्रफूल घ्यावं. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असावं. वाफ होऊन घटलेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्यानेच भरावं, मिठाच्या नव्हे.

समुद्रफूल जागा आवडेपर्यंत सरकत राहतं, त्यामुळे पंपाच्या तोंडाला स्पंज लावाच. समुद्रफुलाचं तोंड उघडं पडून घाण वास येऊ लागला, तर ते ताबडतोब बाहेर काढा. कुजलेलं समुद्रफूल टाकीतले मासेही मारतं.