पानावर सरणारे भय

दिवाळी अंक घरात आला की त्याच्यावर पहिला हक्क कोणाचा, यावरून आमच्या घरी दरसाल खडाजंगी होते. सासूबाईंना राशिभविष्य हवे असते, यजमानांना व्यंगचित्रे आणि चिरंजीवांना शब्दकोडे. मी मात्र गुपचूप अनुक्रमणिका उघडते आणि ‘गूढकथा’ हा शब्द शोधते.

हे चारचौघांत सांगायला मी थोडी लाजते. एवढी शिकलीसवरलेली बाई, आणि रात्री अकरा वाजता पांघरुणात शिरून अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी वाचते! “अहो, महागाई आहे, मुलाची परीक्षा आहे, डॉक्टरांची बिले आहेत. एवढी भीती फुकटात मिळत असताना ही विकतची कशाला?” असे आमचे यजमान विचारतात. त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ बरीच वर्षे उत्तर नव्हते. ते मला मिळाले माहेरी, मारेगावला.

मारेगाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले, वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. आजूबाजूला कपाशी आणि तूर, त्यापलीकडे जंगल. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटलेला असतो आणि रात्री रानडुकरे शेतात घुसतात. म्हणून घरातला एक माणूस जागलीला जातो. आमच्याकडे हे काम दादाचे. माळ्यावर चढताना त्याच्या पिशवीत तीन वस्तू हमखास असत: बॅटरी, तंबाखूची डबी आणि मुखपृष्ठ फाटलेले नारायण धारपांचे एखादे पुस्तक.

२०१८ सालच्या पावसाळ्यात मात्र या पिशवीची मला धास्ती वाटू लागली. शेजारच्या राळेगाव तालुक्यात आणि पांढरकवड्याच्या बाजूला एका वाघिणीची दहशत पसरली होती. वनखात्याच्या कागदावर तिचे नाव ‘टी-१’, वर्तमानपत्रांत ‘अवनी’. दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही वनखात्याच्या गोळी घालण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. कॅमेरे लागले, शिकारी आले. तिला भुलवण्यासाठी ‘ऑब्सेशन’ नावाचे विलायती अत्तरसुद्धा आणल्याचे छापून आले! आणि वाघाला काही तालुक्याची सीव ठाऊक नसते.

मी फोन केला. “दादा, यंदा जागलीला नको जाऊ रे.”

“मंग पीक कोन राखन? डुकराईले काय सांगू, बहीन भेते म्हनून?”

“बरं, जा. पण निदान ती भुताखेताची पुस्तकं तरी नको नेऊ! आधीच काय कमी आहे?”

दादा हसला. म्हणाला, “पुस्तकातलं भेव पानावर सरते, बाई. जंगलातलं सरत नाई.”

या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी दिवस विचार करीत राहिले.

आपल्याकडे रहस्याची आवड जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड यांनी कितीतरी घरांतली माणसे जेवणाच्या ताटावरून उठवली असतील! पण तिथे भय बाहेर असे. खलनायक पकडला की सुटले. धारपांनी (१९२५–२००८) अमानुष शक्ती घरात आणल्या, पण त्यांना आवरायला ‘समर्थां’सारखा पुरुषही दिला. रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथा वाचताना मात्र पुष्कळदा वाटते की भूत राहिले बाजूलाच. खरी भीती वाटावी ती समोर बसून चहा पिणाऱ्या, आपल्यासारख्याच माणसाच्या मनाची. आणि मनाची भीती अशी की तिला दाराची कडी लावून बाहेर ठेवता येत नाही.

ही वाट फार पूर्वी अमेरिकेच्या एडगर ॲलन पो याने पाडली. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका छोट्या कथेत ना भूत आहे, ना गुप्त पोलीस. खून करणारा स्वतःच आपली हकिकत सांगतो, आपण वेडे नाही हे पटवू पाहतो, आणि पुरलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके फरशीखालून ऐकू येत असल्याच्या भासाने आपणहून गुन्हा कबूल करून बसतो. सारी कथा पाच-सात पानांची! पुढे १८४६ साली पोने एका लेखात म्हटले की, मनावर एकसंध परिणाम व्हायचा तर लिखाण एका बैठकीत वाचून होईल एवढेच असावे. मध्ये उठावे लागले की संसाराचे व्यवहार आत शिरतात आणि धागा तुटतो. दुधावर लक्ष ठेवून वाचणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे पोने सांगायची गरज नाही म्हणा!

चित्रपटवाले आल्फ्रेड हिचकॉक यांनी आणखी एक मर्म सांगितले आहे. टेबलाखाली बाँब आहे हे कोणालाच ठाऊक नसेल, तर स्फोट झाल्यावर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि टेबलाशी बसलेली माणसे मात्र हवापाण्याच्या गप्पा मारीत राहिली, तर तो कितीतरी वेळ जीव मुठीत धरून बसतो. त्या दिवाळीआधी आमची गत नेमकी तशी होती. मी इकडे अनारशांचे पीठ मळीत असे आणि डोळ्यांपुढे मात्र दादाचा माळा असे.

फरक एवढाच, की हिचकॉकचा खेळ ठरल्या वेळी संपतो. पोची कथा सातव्या पानावर संपते. आमच्या फोनला शेवटचे पान नव्हते. रोज रात्री नवा फोन, रोज सकाळी नवा सुटकेचा निःश्वास आणि संध्याकाळ झाली की पुन्हा तेच. दादाच्या बोलण्यातला अर्थ मला तेव्हा उमगला. तो पुस्तक नेत होता ते भिण्यासाठी नव्हे, तर भय संपते कसे हे रोज एकदा अनुभवण्यासाठी.

२ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात ती वाघीण गोळीला बळी पडली. लक्ष्मीपूजनाला पाच दिवस होते. त्या भागातल्या गावांत लोकांनी फटाके उडवले. इकडे शहरांतून निषेधाचे सूर उठले. तिला मारायला नको होते, नियम पाळले गेले नाहीत, तिच्या दोन पिलांचे काय, असे प्रश्न लोक विचारू लागले. मीही गोंधळले. भावाचा जीव वाचला म्हणून देवापुढे साखर ठेवली आणि रात्री त्या दोन पिलांच्या विचाराने झोप लागली नाही. पिलांपैकी मादी डिसेंबरात पकडून पेंचला नेली गेली. नर पिलू मात्र हाती लागले नाही.

भाऊबिजेला मारेगावला गेले. ओवाळताना विचारले, “आता गेलं ना रे भेव?”

दादा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “वाघीन गेली. भेव कुठं गेलं? पाचोळा वाजला का हात अजून बॅटरीकडेच जाते. अन् खरं सांगू? पाचोळ्यात काईच नसलं, का जास्त भेव वाटते.”

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. पण तिचेही डोळे सांगत होते की रात्री ती जागीच असते. मनातल्या भयाची कथा यापेक्षा निराळे काय सांगते? बाहेरचा वाघ मेला तरी आतला हिंडतच असतो. त्याला मारता येत नाही. दहा पानांच्या पिंजऱ्यात घालून, दिव्याच्या उजेडात, घरची माणसे शेजारी असताना त्याच्याकडे थोडा वेळ पाहता मात्र येते. पान मिटले की तो नाहीसा होत नाही, पण आपण त्याच्याकडे पाहू शकलो एवढा धीर मागे उरतो.

हे उत्तर मी यजमानांना सांगितले. “हं,” एवढेच म्हणून ते व्यंगचित्रांकडे वळले. पण त्याच रात्री चिरंजीवांच्या हट्टावरून मी एक गूढकथा मोठ्याने वाचली, तेव्हा चष्मा पुसण्याचे निमित्त करून तेही येऊन बसले. सासूबाई “असलं अभद्र दिवाळीत कशाला?” म्हणत शेवटपर्यंत हलल्या नाहीत. कथा संपली. कोणी बोलेना. मग यजमान उठले, मागच्या दाराची कडी नीट लागली आहे का ते पाहून आले आणि आम्ही सगळे खो-खो हसलो.

मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’ने १९०९ साली काढला. तेव्हापासून फराळासोबत गोष्टीही घरोघर येतात. मी भाऊबिजेला जाताना डब्यात चकल्या, करंज्या भरते आणि वर दिवाळी अंक ठेवते. गूढकथेचे पान दुमडून ठेवलेले असते. दादाला अनुक्रमणिका बघायला लागत नाही.