चांदी अंगावर बरी, पोटात नको

बारशाला चांदीची वाटी द्यायची, आजोळहून बोंडले यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. चांदी निर्मळ, हा विश्वास त्यामागे आहे. परवा एका परिचित गृहस्थांनी मला एक बाटली दाखवली. आत ‘चांदीचे पाणी’. रोज दोन चमचे घेतले की म्हणे प्रतिकारशक्ती वाढते. “चांदीच आहे, घ्यायला काय हरकत?” असे त्यांनी विचारले. हरकत आहे, आणि मोठी आहे.

चांदी जंतू मारते, हे खोटे नाही. तिच्यापासून अगदी थोडे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, ओलाव्यात सुटतात. ते जंतूंच्या प्रथिनांतील गंधकाला चिकटतात आणि जंतूंचे व्यवहार बंद पडतात. चांदीला गंधकाची ओढच भारी! हवेतल्या गंधकयुक्त वायूमुळे तर देव्हाऱ्यातले निरांजन काळे पडते.

वैद्यकाने या गुणाचा उपयोग करून घेतला. जर्मनीतील लाइपझिगचे डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी १८८० साली नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब घालायला सुरुवात केली. जन्मताना आईकडून होणाऱ्या संसर्गाने त्या काळी कितीतरी मुले आंधळी होत. क्रेडे यांच्या रुग्णालयात या रोगाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते, ते एका टक्क्याच्याही खाली आले. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन तयार केले. भाजलेल्या जखमेवर लावतात ते पांढरे मलम हेच.

पण हे सारे बाहेरून लावायचे उपचार. शरीराला लोह लागते, जस्त लागते. चांदी लागत नाही. पोटात गेलेल्या आयनांपैकी काही रक्तात शिरतात आणि त्यातली थोडी चांदी कातडीत साचत जाते. तिथे सूर्यप्रकाश पोचला, की जुन्या फोटोच्या फिल्मवर होई तोच प्रकार घडतो: चांदी काळवंडते आणि माणूस निळसर-राखाडी दिसू लागतो. याला आर्जिरिया म्हणतात. औषध बंद केले तरी तो रंग सहसा जात नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यात २००२ साली सिनेटची निवडणूक लढवणारा एक उमेदवार असाच निळा झाला होता. नव्या सहस्रकात प्रतिजैविके मिळेनाशी होतील या भीतीने तो घरीच चांदीचे पाणी करून पीत असे. अशी औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असे तिथल्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले होते.

मग मिठाईवरचा वर्ख? तो धातुरूप असतो, शिवाय अत्यंत पातळ. २०१६ च्या भारतीय नियमानुसार एक चौरस मीटर वर्खाचे वजन २.८ ग्रॅमच्या आतच हवे. सणासुदीला खाल्लेल्या बर्फीने कुणी निळे होत नाही. भीती भेसळीची. वर्ख दोन बोटांत चोळून पाहा: चांदीचा असेल तर भुकटी होऊन विरतो, ॲल्युमिनियमचा असेल तर त्याचे तुकडे होतात.

आणि बाळाची वाटी खुशाल वापरा. मात्र घटकाभर वाटीत ठेवल्याने पाणी शुद्ध होत नाही. ते आधी उकळूनच घ्यायचे, आणि वाटीही रोज घासायची.