रद्दी, लगदा आणि केळीचे खोड

कामाच्या ठिकाणी पर्यावरणाची काळजी घेणे म्हणजे निघताना दिवे-पंखे बंद करणे आणि भिंतीवर वृक्षारोपणाचा फलक लावणे, असा समज सरकारी कचेऱ्यांपासून खासगी कंपन्यांपर्यंत रूढ आहे; परंतु एखाद्या कामाचा निसर्गावर पडणारा भार खरोखर मोजायचा असेल, तर तेथे रोज कोणता माल सर्वाधिक प्रमाणात येतो आणि काम आटोपल्यावर तो कोणत्या रूपात बाहेर पडतो, हे आधी पाहावे लागते. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तालुक्यातल्या डोईफोडियासारख्या गावात पंचायतीच्या दप्तरापासून केळीच्या बागेपर्यंत कामाची ठिकाणे निरनिराळी असली, तरी तेथील कागदाचा माग याच जिल्ह्यातल्या नेपानगरपर्यंत काढता येतो.

नेपानगरची कागद गिरणी 1947 साली स्थापन झाली, 1955 मध्ये तेथे वृत्तपत्री कागद, म्हणजे न्यूजप्रिंट, तयार होऊ लागला आणि 26 एप्रिल 1956 रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. 1981 पर्यंत असा कागद बनवणारी ती देशातील एकमेव गिरणी होती. सातपुड्यातील सालई आणि बांबू जवळ मिळतात म्हणून ही जागा निवडली गेली, म्हणजेच त्या काळी वर्तमानपत्राचे प्रत्येक पान थेट जंगलाच्या खात्यावर लिहिले जात असे. पुढे गिरणी रद्दीकडे वळली, आणि आधुनिकीकरणासाठी काही वर्षे थांबलेले उत्पादन ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा तिचा कच्चा माल रद्दी कागद हाच होता. कामगारांना कितीही उपदेश केला असता, तरी कच्चा माल बदलल्याने जे साधले ते त्यातून साधले नसते.

रद्दीचा पुन्हा कागद होण्यासाठी ती प्रथम मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळून तिचा लगदा करतात. टाचण्या, वाळू आणि प्लास्टिक चाळण्यांत अडकते, आणि मग साबणासारखे द्रव्य मिसळून लगद्यात हवेचे बुडबुडे सोडले की सुटलेले शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात व फेसाबरोबर काढून टाकता येतात. या क्रियेला शाई-निष्कासन म्हणतात. तिला खरी अडचण टाचणीची नसते, कारण लोखंड सहज वेगळे होते. अडचण होते ती स्टिकर आणि चिकटपट्टीच्या गोंदाची, कारण तो वितळून बारीक गोळ्यांच्या रूपाने लगद्यात राहतो. शिवाय प्रत्येक फेरीत कागदाचा तंतू आखूड आणि दुबळा होत जातो, म्हणून तोच कागद अनंत वेळा फिरवता येत नाही.

कचेरीतील सवयींचा अर्थ या तांत्रिक तपशिलातून उलगडतो. पाठकोरे कागद टिपणांसाठी आधी वापरून घेतले, तर तेवढा नवा कागद मुळातच लागत नाही आणि हा लाभ कोणत्याही पुनर्चक्रीकरणापेक्षा मोठा असतो. त्यानंतरची रद्दी कोरडी व वेगळी ठेवली, तर तिला भावही बरा मिळतो. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ओला आणि सुका कचरा उगमापाशीच वेगळा करणे बंधनकारक आहे, तरी बहुतेक कचेऱ्यांत चहाचे कप आणि छापील कागद एकाच टोपलीत जातात. चहाचा 'कागदी' कप हे तर फसवे प्रकरण आहे, कारण त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि सामान्य शाई-निष्कासनात तो तंतूपासून नीट सुटत नाही; काचेचा ग्लास विसळून वापरण्याची टपरीवरची जुनी रीत येथे सरस ठरते.

केळीची बागही कामाचेच ठिकाण आहे, हे मात्र पर्यावरणाच्या परिपत्रकांना सहसा सुचत नाही. घड उतरवल्यावर उरणारे खोड, जे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकमेकांवर आवळलेल्या पानांच्या तळांचे बनलेले असते, बरेचदा कापून बांधावर टाकले जाते. घडावर चढवलेली स्कर्टिंग बॅग, म्हणजे फळाला डाग पडू नये म्हणून घातलेली पातळ कृत्रिम पिशवी, त्याच्या शेजारी येऊन पडते. पिशवी लगद्याच्या उपयोगाची नाही, ती वेगळी गोळा करण्यावाचून गत्यंतर नाही. खोडातून मात्र दोर, कापड आणि कागदासाठी तंतू काढता येतो, आणि नवसारी कृषी विद्यापीठाने तंतूबरोबर खोडाच्या रसाच्या उपयोगावरही काम केले आहे. खोडाच्या वजनात सुमारे नव्वद टक्के पाणीच असल्याने ते ट्रकमध्ये भरून गिरणीकडे नेणे म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणे होय. त्यामुळे तंतू काढण्याचे यंत्र बागेच्या जवळ आणावे लागते आणि उरलेला चोथा गांडूळखतासाठी त्याच शेतात ठेवावा लागतो.