राजकीय देणग्यांचे प्रकटीकरण

राजकीय पक्षांना आणि उमेदवारांना मिळालेल्या देणग्यांचे आकडे व देणगीदारांची नावे लोकांसमोर ठेवण्याच्या कायदेशीर बंधनास राजकीय देणग्यांचे प्रकटीकरण असे म्हणतात. भारतात पक्षाच्या देणग्यांचे विवरण दरवर्षी निवडणूक आयोगाकडे जाते, तर उमेदवाराचा हिशेब निवडणुकीनंतर जिल्ह्यात दाखल होतो. मतदाराच्या दृष्टीने या दोन्ही व्यवस्थांत एकच मोठी उणीव आहे. नावे कळतात, पण बहुधा मत देऊन झाल्यावर.

== पार्श्वभूमी ==

या प्रश्नाची न्यायालयीन चर्चा मुंबईत सुरू झाली. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रकात बदल करण्याचे ठरविले. १९५७ साली हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले. त्या वेळच्या कायद्यात मनाई नसल्याने न्यायालयाने बदलास संमती दिली. मात्र कंपन्यांचा पैसा लोकशाहीला ग्रासू शकेल, असा स्पष्ट इशारा देऊन संसदेने त्याचा विचार करावा असेही सुचविले. त्यानंतर १९६० च्या दुरुस्तीने कंपन्यांच्या देणग्यांना मर्यादा घातली गेली आणि देणगी कोणास दिली हे नफा-तोटा पत्रकात दाखविणे आवश्यक झाले. १९६९ साली अशा देणग्यांवर पूर्ण बंदी आली व १९८५ मध्ये ती उठली. बंदीच्या काळात देणग्या थांबल्या असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हिशेबात दिसणे मात्र थांबले.

== पक्षांसाठी नियम ==

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये २००३ साली कलम २९-क नव्हे, तर २९-सी घालण्यात आले (२९-ए हे पक्षनोंदणीचे कलम आहे). त्यानुसार एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीकडून अथवा कंपनीकडून २०,००० रुपयांहून अधिक रक्कम मिळाल्यास तिचा तपशील पक्षाने आयोगास कळवावा लागतो. तसे न केल्यास त्या वर्षाची प्राप्तिकरातील सूट जाते. २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदारांची नावे कळविण्याचे बंधन नाही. २,००० रुपयांहून अधिक देणगी रोखीने घेतल्यास मात्र करसूट मिळत नाही.

विवरणाची मुदत प्राप्तिकर विवरणपत्राच्या मुदतीशी जोडलेली आहे. त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये, ऐन लोकसभा प्रचारात, दिलेली देणगी २०२४-२५ च्या विवरणात येते आणि ते विवरण २०२५ च्या उत्तरार्धात दाखल होते.

== निवडणूक रोखे ==

जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित झालेल्या निवडणूक रोखे योजनेने ही अपुरी पारदर्शकताही कमी केली. भारतीय स्टेट बँकेकडून १,००० रुपयांपासून १ कोटी रुपयांपर्यंतचे रोखे घेऊन ते पक्षास देता येत. देणगीदाराचे नाव आयोगास कळविण्याची गरज नसे. कंपनीच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची कमाल मर्यादाही २०१७ मध्येच काढून टाकण्यात आली होती.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरविली. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) खालील मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा ती भंग करते, हा निकालाचा गाभा होता. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. ती दिली असती, तर माहिती निवडणूक संपल्यावरच आली असती. न्यायालयाने ती नाकारली. १४ मार्चला खरेदीदारांची व पक्षांची यादी, तर २१ मार्चला रोख्यांच्या क्रमांकांसह संपूर्ण तपशील प्रसिद्ध झाला. कोणी कोणत्या पक्षास किती दिले, हे त्या क्रमांकांमुळेच जुळविता आले.

== मतदारसंघाच्या पातळीवर ==

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका भोर विधानसभा आणि बारामती लोकसभा मतदारसंघांत मोडतो. बारामतीत ७ मे २०२४ रोजी मतदान झाले. म्हणजे रोख्यांच्या देणगीदारांची नावे पौड किंवा माले येथील मतदाराला या वेळी मतदानापूर्वी उपलब्ध होती. हा अपवाद न्यायालयाच्या आदेशामुळे घडला, नियमामुळे नव्हे.

उमेदवाराने निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे, द्यावयाचा असतो. प्रचारासाठी स्वतःचे किती, पक्षाचे किती आणि इतरांकडून किती आले, हेही त्यात नोंदवावे लागते. महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख व विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. पक्षाच्या स्वतःच्या खर्चास मर्यादा नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ८८ प्रमाणे हा हिशेब एक रुपया शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक असते. योग्य कारणाशिवाय हिशेब न देणाऱ्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात आणि पक्षचिन्हावर होत नाहीत. तेथे पक्षाचे विवरण नसते. उमेदवाराचा खर्चाचा हिशेब तेवढा असतो. तो मुदतीत न दिल्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब खाली निवडून आलेला सदस्यही अपात्र ठरू शकतो.