प्रयोगशाळेतील अहिंसा

जैन व्यापारी घराण्यांतील मुलेमुली वैद्यकशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि परिचर्या या शाखांकडे वळू लागली, तेव्हा अनेक घरांत एक अवघड प्रश्न उभा राहिला. ज्या घरात पाणी गाळून प्यायले जाते आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकले जाते, त्या घरातील विद्यार्थ्याने पंचेंद्रिय जीवाचा प्राण घेऊन विद्या कशी संपादन करावी? काहींनी केवळ याच कारणास्तव जीवशास्त्र हा विषय सोडला, तर काहींनी मनावर दगड ठेवून प्रयोग पार पाडले.

श्रावकाचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला शेवटचे तीन प्रकार सर्वस्वी टाळता येत नाहीत, मात्र संकल्पी हिंसेचा त्याग त्याने करावाच, अशी अपेक्षा आहे. शिक्षणासाठी केलेला प्राणिवध यांपैकी कशात मोडतो? त्यातून नवे ज्ञान मिळत नव्हते. ग्रंथात आधीच नोंदलेला निष्कर्ष प्रत्येक तुकडीपुढे पुन्हा सिद्ध करण्यासाठी दरवर्षी नवे जीव आणले जात. त्याला अपरिहार्य म्हणणे कठीणच होते.

बेडकाच्या हृदयावरील प्रयोग हे त्याचे ठळक उदाहरण. बेडकाचा मेंदू व मज्जारज्जू नष्ट करून छाती उघडली जाई. हृदय दोऱ्याने एका तरफेला जोडले जाई आणि फिरत्या नळकांड्यावरील काजळी धरलेल्या कागदावर त्याचे ठोके उमटत. अ‍ॅड्रिनलिन दिले की ठोक्यांचा वेग व जोर वाढे, अ‍ॅसिटिलकोलीनने तो मंदावे आणि आधी अ‍ॅट्रोपिन दिलेले असल्यास अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम दिसत नसे. विद्यार्थ्याने शिकायचे ते एवढेच.

हेच ज्ञान आता संगणकाच्या पडद्यावर मिळते. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेतील औषधशास्त्राचे प्राध्यापक आर. रवींद्रन यांनी विकसित केलेली ‘एक्सफार्म’ ही संगणकप्रणाली त्यासाठी परिचित आहे. बेडकाचे हृदय, सशाचा डोळा, कुत्र्याचा रक्तदाब यांवरील औषधांचे परिणाम तीत दाखवले जातात. विद्यार्थी औषध निवडतो आणि त्याचा परिणाम पाहतो. पुढे अज्ञात औषध देऊन ते ओळखण्याची परीक्षाही घेता येते. प्रयोग चुकला तर तो पुन्हा करता येतो, आणि त्यासाठी दुसऱ्या जीवाची आवश्यकता पडत नाही.

या परिवर्तनामागे कायद्याचेही पाठबळ आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेच सांगितले होते की पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तर शिक्षणसंस्थांनी प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. त्याच्या आदल्या वर्षी, 1959 मध्ये, रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांऐवजी पर्याय वापरणे, त्यांची संख्या घटवणे आणि त्यांच्या वेदना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली होती. परंतु प्रत्यक्ष बदलास अर्धशतक लागले. 2014 मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने एम.बी.बी.एस.च्या शरीरक्रियाशास्त्र व औषधशास्त्राच्या अध्यापनासाठी संगणकाधारित साधनांचा स्वीकार केला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन थांबवण्याचे निर्देश दिले. बी. फार्मसीच्या अभ्यासक्रमातही प्राण्यांवरील प्रयोग संगणकप्रणाली व चित्रफितींद्वारे दाखवावेत, असे नमूद आहे. आपल्या पाल्यासाठी महाविद्यालय निवडणाऱ्या पालकांनी हे जाणून घेतले पाहिजे.

मात्र या विद्येचे मोल प्राणिरक्षणापुरतेच मर्यादित नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीइतकेच प्रमादाला, म्हणजे असावधानतेला, महत्त्व दिले आहे. नवशिक्या हातांचा प्रमाद रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर रुग्णाचा श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो, तेव्हा मांडीच्या स्नायूत तत्काळ अ‍ॅड्रिनलिन द्यावे लागते. त्या क्षणी पुस्तक उघडण्यास अवधी नसतो. आभासी रुग्णावर असा प्रसंग विद्यार्थी अनेकदा अनुभवू शकतो. निर्णयास विलंब झाला तर पडद्यावरील रुग्णाची प्रकृती ढासळते, आणि ती का ढासळली याची चर्चा शिक्षक नंतर करतात. तीच चर्चा या पद्धतीचा आत्मा आहे. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या निम्म्या वेळेपर्यंत अशा कृत्रिम प्रसंगांचा उपयोग केला तरी विद्यार्थिनींच्या तयारीत उणीव आढळली नाही. त्यासाठी शिक्षक प्रशिक्षित असणे आणि प्रसंगानंतरची चर्चा पद्धतशीर होणे मात्र आवश्यक ठरले.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. पोटावर हात ठेवून सूज ओळखणे, वृद्धेच्या थरथरत्या हाताची नाडी पाहणे, नातेवाइकांना दुःखद वार्ता सांगणे हे पडदा पूर्णतः शिकवू शकत नाही. करुणा रुग्णाच्या उशाशीच शिकावी लागते. नवीन औषधांच्या संशोधनात प्राण्यांचा वापर आजही होतो. शिवाय पडद्यावरील आलेखांमागील ज्ञान पूर्वी बळी गेलेल्या जीवांकडूनच आले आहे, हे ऋण विसरता येणार नाही.

यापुढील कर्तव्य समाजाचे आहे. नियम झाले म्हणजे साधने आपोआप उपलब्ध होत नाहीत. संगणककक्ष, सरावाचे पुतळे आणि त्यांहूनही अधिक, प्रशिक्षित शिक्षक यांसाठी द्रव्य लागते. जैन व्यापाऱ्यांनी रुग्णालये, धर्मशाळा, वसतिगृहे आणि पांजरपोळ उभारण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने त्या परंपरेचा पाया आहेत. एखाद्या लहान गावातील परिचर्या किंवा औषधनिर्माण महाविद्यालयाला आभासी प्रशिक्षणाचा कक्ष दिला, तर तेथील विद्यार्थ्यांना शास्त्रदान घडते, त्यांच्या हातून पुढे उपचार घेणाऱ्या रुग्णांना औषधदान घडते आणि मुक्या जीवांना अभयदान लाभते. इमारतीवर कोरलेल्या नावापेक्षा असे दान कमी दिसेल, परंतु त्याचे पुण्य दरवर्षी येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीबरोबर वाढत जाईल.