विमान कसे पडले? — अपघाताची चौकशी आणि तिचा अर्थ

विमान कोसळल्याची बातमी आली की एकाच वेळी दोन चौकशा सुरू होतात. पहिली चौकात, कचेरीत आणि चहाच्या टेबलावर. तिचा निकाल संध्याकाळपर्यंत लागतो व तो बहुधा एका माणसाच्या नावाने लागतो. दुसरी चौकशी डोंगरावर, चिखलात, विखुरलेल्या पत्र्यांच्या तुकड्यांमध्ये चालते. तिला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. आणि तिचा अहवाल बाहेर येतो तेव्हा पहिल्या चौकशीतील मंडळी विषय विसरून गेलेली असतात. आज मला या दुसऱ्या चौकशीविषयी बोलायचे आहे. त्यासाठी दूरचे उदाहरण घेण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागूनच ते घडलेले आहे.

७ जुलै १९६२. मध्यरात्र उलटून काही मिनिटे झालेली. इटलीच्या अलीतालिया कंपनीचे डी. सी. ८ जातीचे विमान सिडनीहून निघून रोमला चालले होते. बँकॉकहून उडाल्यावर त्याचा पुढचा मुक्काम मुंबई. विमानात ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, बाजूला टाकल्याचे वैमानिकाने मुंबईला कळवले आणि खाली उतरण्याची परवानगी मागितली. तेथून मुंबईकडे निघालेल्या विमानाच्या पोटाखाली आपल्याच जिल्ह्याची भूमी असते, हे नकाशावर पट्टी ठेवली तर ध्यानात येईल. उतरण्याची परवानगी मिळाली. आपण पाच हजार फूट सोडून तीन हजार सहाशे फुटांवर येत आहोत, असे वैमानिकाने शेवटी कळवले. त्यानंतर थोड्याच वेळात विमानाचा आवाज बंद झाला. अकोले तालुक्याला खेटून असलेल्या जुन्नर तालुक्यात, मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटरवर, अहवालात 'दावंड्याची' असे नाव दिलेल्या डोंगरावर ते आदळले होते. ९४ माणसांपैकी एकही वाचले नाही.

आता प्रश्न असा, की ज्या विमानाची इंजिने चालू होती, ज्याचा रेडिओ चालू होता, ज्याच्या वैमानिकाला आपली उंची फुटाफुटाने ठाऊक होती, ते विमान डोंगरावर आदळतेच कसे?

याचे उत्तर समजण्यासाठी विमानाचा उंचीमापक काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहिले पाहिजे. हा उंचीमापक मुळात हवेचा दाब मोजणारे यंत्र आहे. जसजसे वर जावे तसतसा दाब कमी होतो, आणि त्या दाबावरून काटा फुटांचा आकडा दाखवतो. उतरताना हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो. खाली शेत आहे, तळे आहे की कडा आहे, याचा त्या काट्याला पत्ता नसतो. आपले नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० फुटांवर वसलेले आहे. म्हणजे काटा पाच हजार दाखवीत असता नगरच्या छपरांवरून विमान प्रत्यक्षात तीन हजार फुटांनीही जात नसते. पश्चिमेकडे सरकावे तर हिशेब आणखी बिघडतो. हरिश्चंद्रगड ४६०० फुटांहून उंच, आणि कळसूबाई ५४०० फूट. सह्याद्रीचा कडा ओलांडला की मात्र जमीन एकदम कोकणात कोसळते आणि मुंबईचा विमानतळ समुद्राच्या जवळजवळ पातळीवर येतो. तीन हजार सहाशे फूट हा आकडा मुंबईजवळ निर्धोक होता. सात-आठ मिनिटे अलीकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर, तोच आकडा प्राणघातक ठरला. जेट विमान मिनिटाला दहा-बारा किलोमीटर तोडते, हे लक्षात घेतले म्हणजे एवढीशी चूक केवढी होते ते कळेल.

चौकशी अधिकारी हे सारे कशावरून ठरवतात? मेलेली माणसे साक्ष देत नाहीत. पण धातू देतो. तुकडे किती लांबवर आणि कोणत्या दिशेने पसरले, यावरून विमान कोणत्या कोनात आणि किती वेगाने आदळले ते कळते. इंजिनाची पाती ज्या तऱ्हेने वाकली असतील त्यावरून इंजिन फिरत होते की थांबलेले होते ते कळते. विमानाचे सर्व भाग एकाच ठिकाणी सापडले तर ते हवेत फुटले नव्हते असा तर्क करता येतो. याखेरीज वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यामधील संभाषण असते, हवामानाची नोंद असते, वैमानिकांच्या अनुभवाची कागदपत्रे असतात. एकेक शक्यता घ्यावयाची, पुराव्यावर घासायची आणि टिकली नाही तर टाकून द्यायची, अशी ही रीत आहे.

जुन्नरच्या अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष असा होता: मार्गनिश्चितीत चूक झाल्यामुळे आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असे वैमानिकाला वाटले, आणि रात्रीच्या वेळी, बाहेरचे काही दिसत नसताना, सरळ धावपट्टीवर उतरण्याच्या हेतूने तो वेळेआधीच खाली आला. पण अहवाल येथे थांबला नाही. हातभार लावणारी आणखी तीन कारणे त्याने नोंदवली. आपण नेमके कोठे आहोत हे ताडून पाहण्यासाठी जी साधने उपलब्ध होती त्यांचा उपयोग केला गेला नाही. त्या टापूसाठी ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही. आणि वैमानिकाला त्या वाटेवरील भूप्रदेशाची ओळख नव्हती.

या तिसऱ्या कारणापाशी क्षणभर थांबावे. आपल्याकडचा गुराखीसुद्धा सांगेल की जुलै महिन्यात घाटमाथा ढगात बुडालेला असतो. हे ज्ञान त्या परदेशी वैमानिकाजवळ नव्हते. आता हा दोष एकट्या त्याचा म्हणायचा काय? अनोळखी वाटेवर माणसाला पाठवताना त्या वाटेची ओळख करून देणे हे पाठवणाऱ्याचेही काम असते. 'वैमानिकाची चूक' या दोन शब्दांवर चौकशी संपवली असती तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. आणि मुंबईच्या वाटेवर पावसाळ्यात हे प्रथमच घडत होते असेही नाही. १२ जुलै १९४९ रोजी एक डच विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ माणसे गेली होती.

दुसरे उदाहरण आपल्या उत्तरेकडच्या शेजाऱ्याचे. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी औरंगाबादहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान धावपट्टी सोडता सोडता पलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रकवर आदळले. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. पुढे विजेच्या तारांना धडकून विमान पडले आणि पेटले. ११८ जणांपैकी ५५ मृत्युमुखी पडले. दोन्ही वैमानिक बचावले. चौकशीत दोन कारणे शेजारीशेजारी मांडली गेली. एक, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास उशीर केला व ते चुकीच्या पद्धतीने उचलले. दुसरे, उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्यात विमानतळाची व्यवस्था पाहणारे प्राधिकरण कमी पडले. नाक वेळेवर उचलले असते तर विमान ट्रकवरून निघून गेले असते. रस्ता अडवलेला असता तर नाक उशिरा उचलूनही ट्रक आडवा आला नसता. दोनपैकी एक कडी तुटली असती तरी साखळी तुटली असती.

यावर कोणी रास्तपणे विचारील, की मग दोषी कोणीच नाही काय? ज्याच्या घरचे माणूस गेले त्याने कोणाकडे पाहायचे? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. उत्तर असे, की ही दोन वेगळी कामे आहेत. दोष ठरवणे आणि भरपाई देवविणे हे न्यायालयाचे व कायद्याचे काम. अपघाताच्या चौकशीसंबंधी जो आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह आहे, जो १९५१ साली प्रथम स्वीकारला गेला, त्यात आज स्पष्ट म्हटले आहे की चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नव्हे. दोन्ही कामे एकत्र केली की माणसे बोलायची बंद होतात. शिक्षेच्या भयाने लपवलेली एक छोटी गोष्ट पुढच्या विमानातील शंभर माणसांच्या जिवावर बेतू शकते.

त्याचबरोबर चौकशी करणारा स्वतंत्रही हवा. जे खाते परवाने देते, नियम करते, त्याच खात्याने चौकशी केली तर त्याच्याकडील उणीव कोण लिहिणार? आपल्या देशात यासाठी वेगळा अन्वेषण विभाग २०१२ साली उभा राहिला, मंगळूरच्या २०१० मधील अपघातात १५८ माणसे गेल्यानंतर.

चौकशीने काय मिळते ते पाहा. डोंगरावर सुस्थितीतले विमान आदळण्याचे प्रकार जगभर होत होते. १९७४ च्या डिसेंबरात अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ असेच एक विमान वेळेआधी खाली येऊन डोंगरावर आदळले आणि ९२ माणसे गेली. त्यानंतर तेथे मोठ्या प्रवासी विमानांत जमिनीची सूचना देणारे यंत्र सक्तीचे झाले. डॉन बेटमन या अभियंत्याने त्यासाठी मोठे काम केले. हे यंत्र रेडिओलहरी खाली सोडून जमिनीपासूनचे खरे अंतर मोजते आणि धोका दिसताच मोठ्याने बजावते. पुढे त्यात जगातील डोंगरांचा नकाशाच भरला गेला, त्यामुळे समोरचा कडाही आधी कळू लागला. जुन्नरच्या त्या रात्री नेमके हेच सांगणारे कोणी नव्हते.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळून विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे गेली. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधन तोडणारे खटके एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, एवढे त्यात होते. ते का गेले याचा निष्कर्ष नव्हता. तरीही कित्येकांनी त्याच दिवशी मृत वैमानिकाकडे बोट दाखवले. जो उत्तर द्यायला उरला नाही त्याच्यावर पुराव्याआधी आरोप ठेवणे हा अन्याय आहे. शिवाय तो आपल्यालाच महाग पडतो, कारण नाव सापडले की शोध थांबतो.

ही सवय आपण विमानापुरतीच ठेवलेली नाही. आपल्या वर्तमानपत्रांत नगर-पुणे, नगर-मनमाड रस्त्यांवरील अपघातांच्या बातम्या वाचा. 'चालकाचा ताबा सुटल्याने' हे शब्द हमखास सापडतात. ताबा सुटला हे खरेच असेल. पण तो किती तास गाडी चालवीत होता, त्या वळणावर फलक होता काय, खड्डा किती दिवसांचा होता, याच ठिकाणी पूर्वी किती गाड्या उलटल्या? आपण नागरिकांनी हे प्रश्न नगरपालिकेला, बांधकाम खात्याला, वाहतूकदारांना विचारायला काही हरकत नाही. त्यासाठी विमानतज्ज्ञ असावे लागत नाही. 'कोण चुकले' याच्या आधी 'कसे घडले' हे विचारण्याची आणि उत्तर येईपर्यंत विषय न सोडण्याची तयारी तेवढी लागते.